माल राहायला येतो

ग्वाल्हेरच्या दाना ओली या गल्लीतलं घर विकलं गेल्याची खबर सगळ्यात आधी ठेलेवाल्यांना लागते. सकाळीच तीन-चार हातठेले एका दाराशी येऊन उभे राहतात आणि आतून सागवानी चौकटी, पितळी कड्यांचे दरवाजे, लोखंडी तुळया, खिडक्यांचे गज, चौकातल्या फरशा असं एकेक बाहेर पडू लागतं. कबाडी ओट्यावर बसून वजनं लिहून घेतो. लाकूड किती, लोखंड किती, पितळ किती, एवढंच त्याच्या वहीत. नक्षीला वेगळा रकाना नाही. मग चौकाच्या जागी खोदकाम सुरू होतं आणि जमिनीखाली तलघर निघतं. दिवाळीपर्यंत रस्त्याच्या अंगाला शटरं लागलेली असतात. वर आणखी दोन मजले चढतात, त्यांना खिडक्या जवळजवळ नाहीतच. हव्यात कशाला? तिथे कुणी राहणार नसतं. वर खोकी, खाली पोती.

शहराच्या जुन्या वस्तीत जागेचे भाव चढले की गरीब उठतो, ही गोष्ट जगभर घडते आहे. 1964 साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या इस्लिंग्टनसारख्या कामगारवस्त्यांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. मध्यमवर्गी लोक जुनी, पडायला आलेली घरं घेतात, त्यांची डागडुजी करून राहायला येतात, भाव चढतात आणि मूळचे भाडेकरू बघता बघता नाहीसे होतात. आमच्या दाना ओलीत भाव चढले, भाडेकरूही उठले, पण मधली पायरी आलीच नाही. राहायला कुणी श्रीमंत आला नाही. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो सिटी सेंटर नाहीतर थाटीपूर अशा बाहेरच्या कॉलनीत राहतो आणि सकाळी गाडीनं दुकानावर येतो. इथे माणसांच्या जागी माल राहायला आला.

हे मी लेक म्हणून लिहिते आहे. जन्म या ओलीतला, लग्नानंतर पुणं. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलार्जित घरात लेकींना मुलांइतकाच वाटा आला. त्यामुळे वाडा विकायचा तर आता आमच्याही सह्या लागतात. पूर्वी माहेरचा फोन सणासुदीला यायचा, हल्ली रजिस्ट्रीच्या तारखेसाठी येतो. आमच्या वाड्याचे वारस पुण्यात आहेत, इंदूरला आहेत, बंगळूरला आहेत, एक न्यू जर्सीत आहे. वाड्यात त्यांतला एकही राहत नाही. राहतात ते भाडेकरू, आणि त्यांची सही कुणालाच नको आहे.

ज्यांनी ग्वाल्हेर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. किल्ल्याच्या दक्षिणेला लष्कर. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवला आणि इथे तळ टाकला. तळ कधीतरी उठायचा असतो, हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी दगडी घरं आली आणि छावणीचा बाजार गावचा बाजार झाला. ज्या सरदाराचा मुक्काम जिथे, तिथे त्याच्या नावाची वस्ती: शितोळ्यांचा बाडा, फाळक्यांचा बाजार, चिटणिसांची गोठ, बक्षींची गोठ, निंबाळकरांची गोठ. फौजेला धान्य लागतं, भांडी लागतात, अंगरखे शिवून लागतात, म्हणून दाना ओली, कसेरा ओली, दर्जी ओली. डीडवाना ओलीत राजस्थानातल्या डीडवान्याची मंडळी. मराठी माणूस इथे पहिल्यांदा आला तरी पाट्या वाचताना त्याला परकं वाटत नाही.

पण या वस्तीच्या जन्मातच एक उठवणूक आहे, ती विसरून चालणार नाही. लष्कर फुगत गेलं तसं किल्ल्याच्या पलीकडचं जुनं ग्वाल्हेर सुकत गेलं. व्यापारी नव्या बाजारात आले, त्यांच्यामागून कारागीर आले आणि मागे राहिलेली घरं पडत गेली. इंग्रजी अमदानीतली गॅझेटियरं जुन्या गावाचं वर्णन ओस पडत चाललेलं गाव म्हणूनच करतात. तेव्हा आमची ओली उठते आहे म्हणून गळा काढायचा तर जरा बेतानं काढावा. आम्हीही कुणाचा तरी बाजार उठवूनच इथे बसलो.

पुढे पोटाची साधनं एकेक करून गेली. 1843 च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहारच्या लढाया हरल्यावर इंग्रजांनी शिंद्यांची फौज कापून टाकली. लष्कर हे नाव तेवढं राहिलं. तलवारीवर जगणारी घरं लेखणीकडे वळली. जयाजीराव आणि त्यांच्यानंतर माधवराव यांच्या काळात दरबारची खाती वाढली. छोटी रेल्वे आली, शाळा आल्या, 1905 पासून व्यापार मेळा भरू लागला, आणि मराठी घरांना दर महिन्याच्या पगाराची सवय लागली. आमच्याकडे शेती नव्हती, दुकान नव्हतं. पगार हीच शेती. 28 मे 1948 ला मध्यभारत झाला तेव्हा राजधानी वर्षातले साडेसहा महिने ग्वाल्हेरला आणि बाकीचे इंदूरला असायची. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्यप्रदेश झाला आणि ती कायमची भोपाळला गेली. फायलींच्या पेट्यांबरोबर माणसंही गेली. हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं, महालेखाकारांची कचेरी राहिली, पण सचिवालय गेलेल्या गावाचा वकूब आणखी किती राहणार? मग 1992 मध्ये बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल बंद पडली आणि गिरणीच्या पगारावर चालणारे बाजारही थंडावले. मुलं शिकली ती बाहेर जाण्यासाठीच शिकली. वाडे जागेवर राहिले, पण त्यांची कौलं फिरवायला आणि गिलावा करायला जे उत्पन्न लागतं ते गावात उरलं नाही.

तरी गावाला एक रग होती. 1928 साली माधव श्रीहरी अण्यांच्या अध्यक्षतेखाली आणि 1961 साली कुसुमावती देशपांड्यांच्या अध्यक्षतेखाली, अशी दोनदा मराठी साहित्य संमेलनं ग्वाल्हेरला भरली. कुसुमावतीबाई संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, आणि तो मान त्यांना महाराष्ट्रात नाही, आमच्या गावात मिळाला, हे आजी मोठ्या तोऱ्यात सांगायची. त्या संमेलनाचे पाहुणे आमच्या वाड्यातही उतरले होते. त्यांच्यासाठी माडीवरच्या दोन खोल्यांना चुना काढला होता. पुढे घर चालवायची ओढाताण सुरू झाली तेव्हा त्याच दोन खोल्या भाड्यानं दिल्या.

त्या खोल्यांत आता काकू राहतात. रक्ताच्या नात्यानं आमच्या कुणी नव्हेत, पण आमच्यातल्या अर्ध्या मुलांचे पाढे काकांनी घोटून घेतलेले. काका एका खासगी शाळेत गणित शिकवायचे. पेन्शन नव्हती. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन झाशीला. काकूंचं भाडं महिन्याला चारशे रुपये, आणि आमच्या चुलतभावांच्या बोलण्यात हा आकडा दर वेळी येतोच: "चारशेत आजकाल दोन माणसांचा नाश्ता होत नाही." खरं आहे. पण काकूंच्या हातात काय येतं, हा आकडा त्या बोलण्यात कधी येत नाही. महालक्ष्म्यांच्या दिवसांत पुरणपोळ्या, उन्हाळ्यात कुरडया आणि पापड, दिवाळीला भाजणी. सगळं गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावरचं.

"थाटीपूरला खोली बघितली होती," काकू म्हणाल्या. "चार हजारांच्या खाली बातच नाही. आणि तिथं माझी पोळी कोण घेणार गं? इथं सराफ्यातली शेठाणी पण भाजणी माझ्याकडूनच नेते. तिथं मला कोण ओळखतं?"

आमच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांची आता गोदाम-मार्केटं झाली आहेत. उजवीकडच्या प्लॉटवर तलघर खोदलं तेव्हा काकूंच्या माजघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. काकूंनी त्या भेगेवर कणकेच्या खळीनं आडवी कागदाची पट्टी चिकटवली आणि तीवर पेन्सिलीनं तारीख घातली. पट्टी फाटली म्हणजे भेग वाढली. मग शेजारी नवी पट्टी, नवी तारीख. मी पाहिलं तेव्हा भिंतीवर अशा पट्ट्यांची रांगच होती. खालच्या फाटलेल्या, वरची अजून अखंड. महापालिकेला अर्ज करायचा तर पुरावा हवा, असं त्यांचं म्हणणं. गणिताच्या मास्तरांबरोबर संसार केलेली बाई, हिशेब तोंडी ठेवत नाही.

पाण्याचं वेगळंच. लष्कराचं पाणी तिघऱ्याच्या धरणातून येतं. हे धरण माधवरावांच्या काळात, 1916 मध्ये बांधून झालं, 1917 च्या पावसाळ्यात फुटलं आणि पुन्हा बांधलं. शंभर वर्षं होऊन गेली तरी शहराचा भरवसा अजून त्याच्यावरच. पाऊस कमी झाला की पाणी दिवसाआड. ते येतं तेव्हा गल्लीत प्रत्येकाचा टुल्लू पंप सुरू होतो आणि ज्याची मोटर जास्त ताकदीची त्याच्याकडे आधी पाणी जातं. खालच्या दुकानांना पाणी फारसं लागत नाही, पण टाकी भरून ठेवायची असते. माडीवर धार पोचेपर्यंत वेळ संपते. मग काकू खालच्या नळावरून बादली भरून दगडी जिना चढतात, आणि त्या जिन्याच्या पायऱ्यांवर अलीकडे दुकानदाराची खोकी ठेवलेली असतात.

ही खोकी उगाच ठेवलेली नसतात, हे इथल्या प्रत्येक भाडेकरूला कळतं. मध्यप्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. त्यानुसार भाडेकरूला उठवायचं तर ठरावीक कारणं लागतात: भाडं थकलं, मालकाला स्वतःला जागेची गरज आहे, इमारत राहण्याजोगी उरली नाही, पाडून बांधायची आहे, वगैरे. घर नुकतंच विकत घेतलेल्या नव्या मालकाला तर स्वतःच्या गरजेच्या कारणावर पहिलं वर्षभर दावाही लावता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी ही तरतूद भाडेकरूला उसंत मिळावी म्हणून ठेवली असणार. ओलीतल्या दलालांनी तिचा वेगळाच उपयोग शोधला आहे. आमच्याकडे आलेला एक जण सौद्याचं गणित मांडताना सहज बोलून गेला, "साल भर की तो बात है, दीदी." त्या वर्षात काय काय होतं ते मग शेजारपाजारच्या घरांकडे बघून समजतं. जिन्यातला बल्ब जातो तो पुन्हा लागत नाही. संडासाचं दार निखळतं. गच्चीच्या दाराला कुलूप पडतं. डागडुजी थांबते, आणि थांबलेल्या डागडुजीचे दोन पावसाळे झाले की इमारत खरोखरच जर्जर होते. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक घरांना नोटिसा लावते. तशी नोटीस दारावर लागली की उठवायचं कारण आपोआप हातात येतं. कोर्टाची पायरी कुणी चढत नाही. थोडी रोख रक्कम पुढे केली जाते, त्याला 'समझौता' म्हणतात, आणि घर रिकामं होतं.

या कायद्यात 1983 साली एक प्रकरण घालण्यात आलं. निवृत्त सरकारी नोकर, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती अशा मालकांना जागा लवकर परत मिळावी म्हणून भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे सरळ अर्ज करण्याची वाट त्यात काढून दिली आहे. वाट चांगली आहे, गरजेची आहे. मात्र भाडेकरूच विधवा असेल, म्हातारी असेल, तर तिच्यासाठी तशी वाट नाही. कायद्याला मालकाचं वैधव्य दिसलं.

आता मालाच्या बाजूनं बघू. दिवसा मोठ्या ट्रकांना बाजारपेठेत येता येत नाही, म्हणून माल रात्री उतरतो. शटरं अर्धी उघडलेली, बाहेर पिवळा दिवा, आणि पल्लेदारांची रांग. हातात लोखंडी हूक, खांद्यावर घडी केलेलं पोतं. हूक पोत्याच्या कोपऱ्यात रुतवायचा, एका झटक्यात पोतं पाठीवर घ्यायचं आणि तलघराच्या उतारावरून खाली जायचं. हल्ली ई-लोडर आले, लिफ्टही काही ठिकाणी आली, त्यामुळे माणसं कमी लागतात. एका पल्लेदाराशी बोलणं झालं. गाव भिंडकडचं. पूर्वी याच ओलीत एका वाड्याच्या मागच्या खोलीत तो चार जणांबरोबर राहायचा. तो वाडा पडला. आता?

"रात को यहीं सोता हूँ, बोरियों पर," तो म्हणाला. "किराया नहीं लगता, सेठ की रखवाली हो जाती है."

ज्या जागेत तो पूर्वी भाडं देऊन राहायचा, त्याच जागेत आता तो मालाचा राखणदार म्हणून झोपतो. घरच्यांना गावी ठेवलं आहे. बायकापोरांना पोत्यांवर झोपवता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्यापाऱ्यांना या कथेत खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे आणि खोटं आहे. दाना ओली हा बाजार आहे, पहिल्यापासून बाजारच होता. दुकानावर घर आणि घराखाली दुकान ही इथली रीत होती. इथले वैश्य, जैन आणि फाळणीनंतर लष्करात आलेले सिंधी, सगळे आधी असेच राहिले. त्यांचीही मुलं आता कॉलनीत गेली, कारण गाडी लावायला जागा नाही, आजारी माणसाला अॅम्ब्युलन्स दारापर्यंत मिळत नाही, नाली तुंबते. एका दुकानदार आजोबांनी तर मलाच विचारलं, "बाईसाहेब, आप लोग खुद क्यों नहीं रहते यहाँ?" प्रश्न रास्त होता. मालक नाही राहत, व्यापारी नाही राहत. ज्याला दुसरीकडे जाणं परवडत नाही तो राहतो, आणि त्याच्या नावावर काहीच नसतं.

तसंच वाड्यांचं. पुण्यातल्या गप्पांत ग्वाल्हेरच्या वाड्यांच्या नुसत्या आठवणींनी गळे दाटून येतात. दगडी जाळ्या, तुळशीवृंदावन, देवघरातला समईचा उजेड. जाळ्या सुंदर होत्याच, ग्वाल्हेरच्या पाथरवटांसारखं जाळीकाम करणारे हात फार थोडे. पण त्याच वाड्याच्या मागे एक अरुंद गल्ली होती, आणि डोक्यावरून मैला वाहणारी माणसं त्या गल्लीतून यायची. त्यांना पुढच्या दारानं कधी येता आलं नाही. मोलकरणीला पाणी वरून ओतलं जायचं. ओटीवरच्या बैठकीत बायका बसत नसत. वाडा गेला म्हणून मला रडू येत नाही. वाडा जाताना जे जिन्याखाली, माडीवर, मागच्या खोलीत राहत होते त्यांना आधी बाहेर काढलं जातं, वाड्याच्या वैभवात ज्यांचा वाटा कधीच नव्हता, त्याच्या पडझडीची सगळी किंमत त्यांनीच मोजायची, हे मात्र सहन होत नाही.

शहराचं लक्ष नाही असं म्हणता येणार नाही. लक्ष आहे, पण ते पाच-सात मिनिटांच्या अंतरावर संपतं. 2016 मध्ये ग्वाल्हेर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. लष्करातल्या महाराज बाडा चौकातल्या इमारतींवर रोषणाई झाली, टाउन हॉल दुरुस्त झाला, 2010 च्या आगीत जळालेल्या व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीत आता भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. संध्याकाळी बाडा खरंच देखणा दिसतो. पाहुण्यांना मीही हौसेनं नेऊन दाखवते. बाड्यावरचे फेरीवाले मात्र दर काही दिवसांनी उठवले जातात. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे, आधी सर्वेक्षण आणि मग हलवाहलव, असं त्यात लिहिलेलं आहे. दिव्यांची तार जिथे संपते तिथून ओली सुरू होते, आणि तिथल्या विजेच्या तारांचे गुंते खिडकीतून हात बाहेर काढला तर लागतील इतके जवळ आलेले असतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला. आनंद झाला, आणि तो होणारच. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांचं हे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथून गाणं नेलं म्हणून महाराष्ट्रात ख्याल रुजला. कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये लष्करातच शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. माधवरावांच्या आश्रयानं आणि भातखंड्यांच्या देखरेखीखाली 1918 पासून माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. पण हे गाणं राजवाड्यात थोडं आणि भाड्याच्या खोल्यांतच जास्त घडलं. बाहेरगावाहून आलेला विद्यार्थी स्वस्तात एक खोली घ्यायचा, घरोघरी वार लावून जेवायचा आणि पहाटे तंबोरा जुळवायचा. वरच्या मजल्याला खिडकीच नसलेल्या इमारतीत असा विद्यार्थी कुठे राहणार? संगीताचं शहर टिकवायचं तर महोत्सवाच्या मांडवाइतकीच परवडणारी खोलीही महत्त्वाची आहे, आणि तिचा हिशेब कुठल्याच आराखड्यात दिसत नाही.

नव्या वस्तीनं जुनी वाचेल, असाही एक प्रयोग झाला. दिल्लीवरचा भार हलका व्हावा म्हणून ग्वाल्हेरच्या पश्चिमेला नवं शहर वसवायचं ठरलं, त्यासाठी 1992 मध्ये 'साडा' हे विशेष प्राधिकरण नेमलं. रस्ते आखले, प्लॉट पाडले. तिथे वस्ती म्हणावी अशी वस्ती अजूनही झालेली नाही. एकीकडे घरं नसलेले रस्ते आणि दुसरीकडे, लष्करात, राहत्या घरांची गोदामं.

पुण्याच्या पेठांकडे बघितलं तर वेगळी एक वाट दिसते. तिथेही वाडे पडले, तिथेही रडारड झाली. पण महाराष्ट्रात भाडेकरूच्या हक्काला बाजारात वजन आलं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडीलाही मान्यता दिली. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत वाडा पाडताना जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत छोटा का होईना स्वतःच्या नावाचा फ्लॅट द्यायचा, अशी पद्धत पडली. त्यात फसवणूक होते, वर्षानुवर्षं बांधकाम रखडतं, हे सगळं मान्य. तरी कितीतरी विधवा बायका आज त्याच पेठेत, त्याच मंडईच्या अंतरावर, स्वतःच्या दारामागे राहतात. ग्वाल्हेरला अशी पद्धत पडली नाही, कारण इथे नव्या इमारतीत घरंच नसतात. गोदामात फ्लॅट कुठला देणार?

काकूंच्या मागणीनं मात्र मी चकित झाले. मला वाटलं होतं त्या म्हणतील, विकू नका. त्या तसं म्हणाल्याच नाहीत.

"तुम्ही विकणारच, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण तू सही करशील ना, त्याच्या आधी मला सांग. घेणाऱ्याच्या माणसाकडून कळायला नको. आणि मला एक खोली इथंच राहू देतील का ते विचारून बघ. वरची असली तरी चालेल. पाणी मी आणीन."

मागणी एवढीच: आधी सांगणं आणि एक खोली. व्यवहाराच्या दृष्टीनं पाहिलं तर चार मजली गोदामाच्या किमतीत एका खोलीचं मोल किरकोळ आहे. आमच्या वारसांच्या गटात हा विषय काढला तेव्हा न्यू जर्सीहून लगेच उत्तर आलं की अशा अटी घातल्या तर भाव पडेल. पडेल, थोडा पडेल. वाटे इतके आहेत की प्रत्येकाच्या पदरी त्यातली घट फार तर एका विमानाच्या तिकिटाएवढी येईल. तेवढी घट सोसायची की नाही, हा प्रश्न शेवटी आपल्यापुढे येतो. सरकार, बिल्डर, बाजार यांच्यापुढे तो येतच नाही.

हे वाचणाऱ्या कितीतरी जणांचा कुठल्यातरी जुन्या वाड्यात असा वाटा असेल. ग्वाल्हेरला, उज्जैनला, बडोद्याला, साताऱ्याला, नाशकाला. सही मागायला फोन येईल तेव्हा किमतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. वाड्यात आज कोण राहतं? त्यांना हे कुणी सांगितलं आहे का? त्यांची सोय करारात लिहिली आहे का? तोंडी शब्द नको. बयाणा घेण्याआधी एक कलम घालून घ्या: राहत्या भाडेकरूला नव्या इमारतीत एक खोली, नाहीतर त्याच वस्तीत दुसरी राहती जागा. त्याच कागदावर आणखी एक कलम: तलघर खोदताना शेजारच्या भिंतींची जबाबदारी घेणाऱ्याची. वकील म्हणेल, असं कुणी लिहीत नाही. कुणी लिहीत नसलं तरी असं लिहायला कुठल्याही कायद्याची मनाई नाही.